चुकले दोघेही, वळला एकच



'गर्वाचे घर खाली' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ती ऐकताना डोळ्यांसमोर बहुतेक वेळा शेजाऱ्याचे घर येते, आपले येत नाही. गर्व हे पापच असे आहे की ते दुसऱ्यात चटकन दिसते आणि स्वतःत मुळीच दिसत नाही. सहाव्या शतकातील पोप संत ग्रेगरी महान यांनी गर्वाला सर्व दुर्गुणांचे मूळ म्हटले आहे. मूळ जमिनीखाली असते, म्हणूनच ते दिसत नाही. मग आपल्यातला गर्व ओळखायचा कसा?

पवित्र शास्त्रातून आपल्याला एक साधी कसोटी मिळते. कोणी आपली चूक दाखवली, तर त्या क्षणी आपण काय करतो?

शौल आणि दावीद या इस्राएलच्या दोन राजांना ही कसोटी लागली. दोघांनाही परमेश्वराने निवडले होते. दोघांचाही अभिषेक शमुवेल संदेष्ट्याने केला होता. दोघांनीही आज्ञा मोडली आणि दोघांकडेही परमेश्वराने आपला संदेष्टा पाठवला. इथपर्यंत दोघांची वाट एकच आहे. पुढे मात्र ती फुटते.

शौलाचे उत्तर

शौलाची सुरुवात नम्रतेची होती. तो सर्व लोकांपेक्षा उंच होता, तरी राजा म्हणून त्याची निवड जाहीर झाली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता (१ शमुवेल १०). पुढे विजय मिळाले, नाव झाले. अमालेकी लोकांशी युद्ध करताना त्याला आज्ञा होती की लुटीतले काहीही राखायचे नाही. (युद्धाची ती जुनी रीत आज आपल्याला फार कठोर वाटते. येथे आपण फक्त शौलाच्या वागण्याकडे पाहणार आहोत.) शौलाने टाकाऊ तेवढे नष्ट केले. उत्तम मेंढरे आणि बैल राखून ठेवले. मग कर्मेल येथे जाऊन त्याने स्वतःचे स्मारक उभारले (१ शमुवेल १५).

शमुवेल रात्रभर परमेश्वराचा धावा करून सकाळी त्याला भेटायला निघाला. त्याला पाहताच शौलाने आपणहून सांगून टाकले की परमेश्वराची आज्ञा आपण पाळली आहे. त्यावर शमुवेलाने एवढेच विचारले की, मग मेंढरांचा हा आवाज कसला ऐकू येतो आहे?

आता शौलाची उत्तरे पाहू. प्रथम तो म्हणतो की मेंढरे लोकांनी आणली. मग म्हणतो की ती देवाला अर्पण करण्यासाठीच आहेत. मग पुन्हा आग्रहाने सांगतो की आज्ञा तर पाळलीच आहे. परमेश्वराला यज्ञापेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे, असे शमुवेलाने बजावल्यावर कुठे तो पाप कबूल करतो, पण तेव्हाही लोकांना भ्यालो हे कारण जोडतो. आणि शेवटी तो जे मागतो ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: आपल्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख.

राज्य हातचे जात होते, देवाशी नाते तुटत होते आणि शौलाला काळजी होती ती चारचौघांतल्या मानाची. पाप त्याने तोंडाने कबूल केले, पण मनात मानच धरून ठेवला.

दावीदाचे उत्तर

दावीदाचे पाप शौलापेक्षा लहान होते असे कोणी समजू नये. त्याने आपल्या सेवेतल्या उरीयाची पत्नी बथशेबा हिला बोलावून घेतले. ती गरोदर राहिल्यावर ते लपवण्यासाठी त्याने उरीयाला रणांगणावर मरण येईल अशी व्यवस्था केली. तसे आदेश देणारे पत्र त्याने उरीयाच्याच हाती पाठवले (२ शमुवेल ११). त्यानंतर दावीदाने बथशेबेशी लग्न केले आणि त्यांना मूल झाले. इतके महिने राजा गप्प राहिला.

मग नाथान आला. त्याने आरोपपत्र वाचले नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी एका श्रीमंताने हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, त्या श्रीमंताला मृत्युदंडच योग्य असे म्हणाला. तेव्हा नाथानाने सांगितले की तो माणूस म्हणजे स्वतः राजाच आहे.

राजाच्या हाती सत्ता होती. उरीयाचा काटा काढणाऱ्याला नाथान जड नव्हता. पण दावीदाने आपण परमेश्वराविरुद्ध पाप केल्याचे कबूल केले. मूळ हिब्रू भाषेत हे उत्तर अवघ्या दोन शब्दांचे आहे. त्यात बथशेबेवर ठपका नाही, परिस्थितीचे कारण नाही, मान राखण्याची विनंती नाही. आपल्या बायबलमधील स्तोत्र ५१ च्या मथळ्यात याच प्रसंगाचा उल्लेख आहे. भस्म बुधवारच्या मिस्सामध्ये आपण तेच स्तोत्र प्रतिसाद म्हणून म्हणतो. म्हणजे कपाळाला राख लावून घेण्याआधी ख्रिस्तसभा आपल्या तोंडी एका चुकलेल्या आणि वळलेल्या राजाची प्रार्थना देते.

क्षमा आणि परिणाम

दावीदाला क्षमा मिळाली, पण पापाचे परिणाम पुसले गेले नाहीत. त्याच्या घरात पुढे कलह आणि रक्तपात झाला. देवाची क्षमा म्हणजे परिणामांतून सुटका नव्हे. त्या परिणामांतून चालताना देव आपली साथ सोडत नाही, ही ती क्षमा.

येथे एक सावधगिरी हवी. कोणाच्या घरी आजारपण किंवा दुःख आले की 'ही देवाची शिक्षा' असा निकाल आपण देऊ नये. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला, तेव्हा प्रभू येशूने तो तर्क नाकारला (योहान ९). देव आपल्याला शिस्त लावतो ती बाप लेकराला लावतो तशी, असे इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय सांगतो. त्या घडीला ती दुःखाची वाटते, पण पुढे तिला शांतीचे फळ येते. सूड घेणारा आणि वळण लावणारा यांत हाच फरक आहे.

सोनाराने कान टोचावे

आपल्याकडे म्हणतात, कान सोनारानेच टोचावेत. टोचताना दुखते, पण सोनाराचा हेतू जखम करण्याचा नसतो. कानात दागिना यावा हा असतो. शमुवेल शौलासाठी रात्रभर रडला आणि पुढेही त्याच्यासाठी शोक करीत राहिला. शौलाला मात्र तो शोक दिसला नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. एकदा रविवारच्या मिस्सानंतर एका वृद्ध बाईंनी आम्हांला थांबवून सांगितले, "बाळा, तू वाचन फार घाईने करतोस. मला काही कळत नाही." आम्ही लगेच म्हणालो, "माईक खराब आहे, मावशी." माईक चांगला होता, हे आम्हांला ठाऊक होते. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही त्यांच्या बाकाकडे पाहण्याचे टाळले. शौलाची गोष्ट पुन्हा वाचताना लक्षात आले की त्या दिवशी आमच्याही मागे मेंढरे ओरडत होती. देवाचे वचन नीट ऐकू यावे एवढेच त्या माउलीला हवे होते.

आपल्या घरात आणि धर्मग्रामात असे प्रसंग नेहमीच येतात. सणाच्या खर्चाचा हिशेब कोणी विचारला की राग येतो. सूचना मान्य झाली नाही की पुढच्या सभेला आपण जात नाही. मुलगा 'बाबा, तुम्ही आईवर उगाच ओरडलात' म्हणाला की आपण त्यालाच उद्धट ठरवतो.

याचा अर्थ प्रत्येक टीका खरी असते असे नाही, आणि अन्याय मुकाट्याने सोसावा असेही नाही. पण आधी ऐकावे, मग पारखावे. आणि सांगणाऱ्यानेही प्रभूची रीत पाळावी: प्रथम एकट्याला भेटून सांगावे (मत्तय १८), आणि संत पौल म्हणतात तसे, सौम्यतेने व स्वतःकडे लक्ष ठेवून (गलतीकरांस पत्र ६). चारचौघांत पाणउतारा करणे म्हणजे बंधुप्रेमाची कानउघाडणी नव्हे.

शेवटी कोण जवळ राहिले?

त्या भेटीनंतर शमुवेल मरेपर्यंत शौलाला भेटायला गेला नाही. नाथान मात्र दावीदाच्या म्हातारपणीही राजवाड्यात होता. शलमोनाला राजासन मिळावे म्हणून तोच धडपडला (१ राजे १). दावीदाला बथशेबेपासून झालेल्या मुलांत एकाचे नाव नाथान आहे (१ इतिहास ३). संत लूकने दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळीत दावीदाचा हाच मुलगा नाथान येतो (लूक ३).

आपली चूक दाखवणाऱ्याला शौलाने गमावले, दावीदाने सांभाळले. आपल्या आयुष्यातल्या नाथानाला आपण कुठे बसवले आहे?

मननासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात कोणी आपली चूक दाखवली? आपण काय उत्तर दिले?
२. त्या व्यक्तीशी आज आपले बोलणे आहे का?
३. पुढच्या कुमसाराला जाताना 'पण' हा शब्द न वापरता आपण पाप सांगू शकू का?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला टाकून देण्यासाठी नव्हे, तर परत आणण्यासाठी बोलावतोस. आमच्या मानाच्या आड लपलेला गर्व आम्हांला दाखव. आम्हांला सांगणारी माणसे दे, आणि ऐकणारे कान दे. हे आम्ही आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या द्वारे मागतो. आमेन.