श्वानाचे जनुक, आहार आणि औषध

तंजावर हा कावेरीकाठचा भाताचा प्रदेश. तेथे घरच्या कुत्र्याच्या वाट्यालाही भात येतो. तो त्याला पचतो, कारण पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, असे २०१३ साली सिद्ध झाले. परंतु सर्व कुत्र्यांची घडण एक नसते. डाल्मेशियनमध्ये एका जनुकदोषामुळे मूत्रात यूरिक आम्ल वाढून खडे होऊ शकतात. त्याला पाणी भरपूर द्यावे, यकृताचे मांस टाळावे. अनेक लॅब्रॅडॉरांत २०१६ साली आढळलेला दोष भूक वाढवितो. त्यांना अन्न मोजूनच घालावे. अनेक कोली कुत्र्यांत एमडीआर-१ हे जनुक सदोष असते. खरजेवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत त्यांच्या मेंदूत शिरून प्राणघातक ठरते. गालाच्या आतील बाजूच्या पुसणीवरून हा धोका आधीच कळतो.

मात्र ही परीक्षा प्रवृत्ती सांगते, रोग नव्हे. तिचे बहुतेक निकष पाश्चात्त्य जातींवरून ठरले आहेत. म्हणून राजपालयम, चिप्पिपारई यांसारख्या तमिळ जातींच्या बाबतीत निर्दोष अहवालावर विसंबून राहू नये. अहवाल पाहून पशुवैद्याने प्राणी स्वतः तपासावा आणि मगच आहार व औषध ठरवावे, हेच श्रेयस्कर.