इन्फ्ल्युएन्झाची जात त्वरित कशी ओळखतात?

१९१८ सालीं मुंबई बंदरांतून इन्फ्ल्युएन्झा हिंदुस्थानांत शिरला व त्यानें लक्षावधि माणसांचा बळी घेतला. त्या काळीं पुष्कळ पंडितांनीं भलत्याच एका जंतूस अपराधी ठरविलें होतें. खरा अपराधी विषाणू १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या त्रयीनें फेरेट नामक प्राण्यांवर प्रयोग करून शोधून काढिला.

माणसांत मुख्यत्वें ए व बी या दोन जातींच्या साथी येतात. ए जातीच्या एचवनएनवन, एचथ्रीएनटू इत्यादि पोटजाती आहेत. त्या ओळखाव्या कशा?

१९४१ सालीं हर्स्ट यांस असें आढळलें कीं, या विषाणूमुळें कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींस चिकटतात. विषाणू नसेल तर पेशी भांड्याच्या तळाशीं ठिपक्यासारख्या बसतात. असेल तर जाळ्याप्रमाणें पसरून राहतात. आतां एका विशिष्ट पोटजातीविरुद्ध तयार झालेलें सीरम आधीं मिसळलें व पेशींचें चिकटणें थांबलें, तर विषाणू त्याच पोटजातीचा हें ठरतें. रीत चोख खरी. परंतु त्यासाठीं प्रथम विषाणू अंड्यांत वाढवावा लागतो व त्यांत कित्येक दिवस जातात.

रोगी मात्र इतके दिवस थांबूं शकत नाहीं. ऑसेल्टामिविर हें औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास विशेष गुणकारी ठरतें. म्हणून आतां पीसीआर ही रीत वापरतात. नाकाघशांतील स्रावांतून विषाणूचा आरएनए वेगळा काढून त्याची डीएनए रूपानें नक्कल करितात व तिचा ठराविक भाग पुनःपुन्हां दुप्पट करितात. आमच्या विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: ३० वेळां दुप्पट केल्यास एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात! ज्या जातीचा शोधक पदार्थ चकाकतो, ती जात निश्चित होते. कांहीं तासांतच निकाल हातीं येतो.

याहून शीघ्र अशी पट्टीची परीक्षा सुमारें १५ मिनिटांत होते. परंतु ती बहुधा ए कीं बी एवढेंच सांगते, आणि रोग असूनही कधीं कधीं 'नाहीं' म्हणते. पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. पट्टी कोरी आली तरी श्वासास त्रास होत असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये.

२००९ च्या साथींत भारतांतील पहिला मृत्यू पुण्यांतील एका शाळकरी मुलीचा झाला. त्या वेळीं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें अहोरात्र नमुने तपासले. शत्रूची ओळख वेळेवर पटणें हें अर्धें औषधच होय.