पडवीत धंदा टाकताय? आधी वायरिंग बघा

व्हिडिओत शेडच्या वायरिंगवर दोनच मिनिटं बोललो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आपल्यातले बरेच जण पडवीत किंवा ओट्यावर पत्रा टाकून सुरुवात करतात. गिरणी, शिलाई, मसाले. मीही तेच केलं. घरातल्या प्लगमधून एक्स्टेंशन बोर्ड खिडकीबाहेर काढला आणि काम चालू! पहिल्याच पावसाळ्यात झड आत आली, बोर्ड भिजला. आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींनी शेडच्या लोखंडी खांबाला हात लावला आणि करंट बसला. हात सुटला म्हणून वाचल्या. एमसीबी पडलाच नाही.

तो पडणारच नव्हता. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर लोड गेला की पडतो, आणि माणसाचा जीव घ्यायला एक दशांश अँपिअर पुरतो. माणसासाठी वेगळा आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी असतोच, हा त्याच्या जोडीला. अर्थिंग नीट असेल तर बहुतेक वेळा कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो. म्हणून शेडचा लोखंडी सांगाडाही अर्थिंगला जोडून घ्या.

छप्पर आहे म्हणजे जागा कोरडी, असं धरू नका. पडवी ही बाहेरचीच जागा. बाहेरचं सॉकेट आयपी ५५ किंवा वरचं घ्या. पण दुकानात एक गोष्ट नक्की विचारा: प्लग लावलेला असताना झाकण बंद होतं का? मशीन दिवसभर चालणार आणि झाकण उघडंच राहणार असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. केबल बॉक्समध्ये खालून घ्या, वरून घेतली तर पाणी तिच्यावरूनच आत उतरतं.

मेन बोर्डापासून शेडसाठी स्वतंत्र लाइन ओढा. १६ अँपिअरच्या पॉइंटला तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम वायर, अंतर जास्त असेल तर ४. पत्र्याच्या भोकातून उघडी वायर नको, कड इन्सुलेशन कापते. पीव्हीसी पाइप वापरा. आणि कपडे वाळत घालायची तार शेडच्या खांबाला बांधू नका.

काम लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच करा, खर्च सुरुवातीच्या भांडवलातच धरा. लोड वाढवावा लागेल का, घरगुती मीटर चालेल का, तेही वीज कार्यालयात आधीच विचारा.

मावशी अजून आमच्याकडेच आहेत. आरसीसीबीचं टी लिहिलेलं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघायचं असतं, ते त्याच बघतात.