व्हिसाची मुलाखत : हेतूचे निवेदन



नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराची पात्रता पाहिली जाते. विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत पात्रतेचा निर्णय विद्यापीठाने प्रवेश देऊन आधीच केलेला असतो. येथे मुख्यतः हेतू तपासला जातो. अमेरिकेस निघालेला पुण्याचा विद्यार्थी यासाठी बहुधा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात जातो. अर्ज, शुल्क, बोटांचे ठसे हे सोपस्कार उरकल्यावर खिडकीपलीकडील अधिकाऱ्याशी होणारे संभाषण अनेकदा दोन-चार मिनिटांत संपते. घर गहाण ठेवून काढलेले कर्ज आणि वर्षभराची तयारी त्या मिनिटांवर अवलंबून असते. अमेरिकी कायदा असे गृहीत धरतो की, अर्जदार कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे. तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर असतो. गृहीतक कठोर आहे खरे, पण ते ध्यानात ठेवले म्हणजे साध्या वाटणाऱ्या प्रश्नांचाही रोख कळतो.

हा रोख ओळखून उत्तर कसे द्यावे, याचा एक उत्तम नमुना पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात सापडतो. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. गोपाळराव तेव्हा तेथे टपाल खात्याच्या नोकरीत होते. आनंदीबाई अठरा वर्षांच्याही नव्हत्या. त्यांना व्हिसा लागला नाही. मात्र समाजाने त्यांची मुलाखत घेतलीच होती. लोक विचारीत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेक करून त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेस का जाता? भारतात सोय नाही काय? एकट्या का? परतल्यावर बहिष्कार पडणार नाही का? संकट आले तर? आणि कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बारकाईने पाहण्यासारखे आहे. भारतात काहीच नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. मद्रासला महाविद्यालय आहे, इतरत्र सुईणींचे वर्गही आहेत, हे त्यांनी मान्य केले. मग ते शिक्षण अपुरे का पडते ते सांगितले. आजच्या अर्जदारालाही हाच प्रश्न येतो : ‘हा अभ्यासक्रम भारतात नाही का?’ ‘तेथील शिक्षणाचा दर्जा जागतिक आहे’ हे उत्तर कोणीही, कोणत्याही विषयासाठी देऊ शकतो. म्हणूनच ते निरुपयोगी आहे. समजा, सिंहगड रस्त्यावर राहणारा एक स्थापत्य अभियंता जलव्यवस्थापन शिकायला निघाला आहे. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेकाठच्या वस्त्यांत ते कसे शिरते हे त्याने पाहिले आहे. पूर-प्रतिमानाचा जो विषय त्याला हवा आहे, तो निवडलेल्या अभ्यासक्रमात कोठे आहे हे त्याला ठाऊक आहे. एवढे दोन वाक्यांत आले तरी पुरे. याच उत्तरात तो परत कशासाठी येणार हेही येऊन जाते.

तिसऱ्या उत्तरात आनंदीबाईंनी पैशांची अडचण लपविली नाही. दोघांच्या प्रवासापुरता पैसा नाही आणि पतीवर कुटुंबाचा भार आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आज खर्चाच्या प्रश्नावर हीच रीत उपयोगी पडते : रक्कम किती, त्यांपैकी कर्ज किती, वडिलांची बचत किती, हे आकडे स्वतःला तोंडपाठ हवेत आणि मंजुरीपत्राशी व बँकेच्या उताऱ्याशी जुळायला हवेत. मुलाखतीपुरती उसनी रक्कम खात्यात दाखविण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. नकार मिळाल्यास पुन्हा अर्ज करता येतो, पण खोटी माहिती उघड झाली तर पुढचे दार कायमचेही बंद होऊ शकते.

बहिष्काराच्या प्रश्नावर त्यांनी सांगितले की, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्याही. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्यासाठी ठरले होते. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

तयारी करताना उत्तरे आधी मराठीत लिहावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परक्या भाषेतील तयार वाक्यांचा झगमगाट मराठीत टिकत नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे ते लगेच दिसते. मग ती इंग्रजीत बोलून पाहावीत, पण पाठ करू नयेत. पाठ केलेले उत्तर मध्येच उपप्रश्न आला की कोलमडते, आणि अधिकारी उपप्रश्न विचारतोच.

स्वाध्याय : आनंदीबाईंचे सहा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमाला लावून प्रत्येकाचे उत्तर तीन वाक्यांत लिहा. नंतर दुसऱ्या कोणाही विद्यार्थ्याला जसेच्या तसे वापरता येईल असे प्रत्येक वाक्य खोडा आणि उरलेला मजकूर मोठ्याने वाचा.