धर्माधिकाऱ्यांची नामे : अर्थ, योजना आणि मर्यादा

धर्मकार्यास वाहून घेतलेल्या पुरुषास अथवा स्त्रीस कोणत्या नावाने संबोधावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी सिद्धान्त आहे. संबोधन चुकले की पायरी चुकते, आणि पायरी चुकली की साधकाचा भाव भलत्याच ठिकाणी जडतो. म्हणून या नामांचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

परमेश्वरवाचक नामे

लीळाचरित्रात ‘गोसावी’ हा शब्द पानोपानी येतो, तो सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींना उद्देशून. ‘गोस्वामी’ हे त्याचे मूळ रूप होय. रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंस ‘श्रीप्रभू’ म्हणतात, ‘राउळ’ही म्हणतात. ही नामे आपल्या मार्गात ईश्वरावताराची आहेत, अधिकारपदाची नव्हेत.

हाच ‘गोसावी’ शब्द अन्यत्र निराळ्या अर्थाने रूढ झाला. दशनामी शैव संन्याशांच्या वर्गास तो लागला. पैठणास एकनाथमहाराजांच्या वंशजांचे ते आडनाव झाले. अक्षरे तीच, अर्थ वेगळा. पोथी वाचताना नवख्या वाचकाने रस्त्यावरील गोसावी डोळ्यांपुढे आणला, तर लीळेचा अर्थच हातचा जाईल. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र मानणाऱ्या मार्गात परमेश्वराचे नाम जीवास देता येत नाही, मग तो जीव कितीही ज्ञानी असो.

अधिकारवाचक आणि अवस्थावाचक नामे

नागदेवाचार्यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. स्वामींच्या नंतर मार्गाचा सारा भार त्यांच्यावर आला. तरी ते ‘भटोबास’ राहिले, ‘आचार्य’ म्हणविले गेले. ‘गोसावी’ झाले नाहीत. जो स्वतः आचरतो आणि इतरांकडून आचरवितो, तो आचार्य. केशवबासांनी संस्कृतात लिहू नये, तसे केल्यास भोळ्याभाबड्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, असे त्यांनी बजावल्याचे स्मृतिस्थळ सांगते. आचार्यपद म्हणजे उच्चासन नव्हे, तर सर्वांत मागे बसलेल्या श्रोत्याची काळजी, हे यावरून स्पष्ट होते.

‘महंत’ हा शब्द ‘महत्’पासून आला. मठाची, शिष्यशाखेची आणि पोथ्यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो महंत. समर्थ संप्रदायातही मठाधिकाऱ्यास महंतच म्हणत. तेव्हा हे पद केवळ आपल्या मार्गाचे नाही. ‘भिक्षुक’ आणि ‘तपस्विनी’ ही मात्र पदे नसून अवस्था आहेत. घरदार सोडून अनुसरण घेतलेल्यांची ती नामे. गृहस्थ अनुयायी तो ‘वासनिक’. महदाइसा, आबाइसा, बाइसा यांच्या नावांतील आदरार्थी ‘आइसा’ आणि केशवबासांच्या नावातील ‘बास’ हे प्रत्यय पाहिले, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांनाही त्या काळी सारख्याच मानाने संबोधीत, हे ध्यानात येते. याउलट, देवतेच्या स्थानी पूजाअर्चा करणाऱ्यास ‘भोपा’ म्हणत. आचार्य आणि भोपा यांत जो भेद आहे तो उच्चनीचतेचा नसून कार्याचा आहे : एक ज्ञान सांगतो, दुसरा स्थान सांभाळतो.

शब्दांची झीज

नामे झिजतात, क्वचित उलटतातही. ‘बुवा’ हा कीर्तनकाराविषयीच्या आदराचा शब्द. त्यातून ‘बुवाबाजी’ निघाली. आपल्या मार्गास तर याचा चटका अधिक बसला आहे. ‘महानुभाव’ या थोर शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘मानभाव’ झाले, आणि त्यावरून बाहेर नम्र व आत कपटी अशा माणसास ‘मानभावी’ म्हणण्याची रीत पडली. यात परक्यांचे अज्ञान आहे, द्वेषही आहे. त्याचा निषेध झालाच पाहिजे. परंतु निषेधाने शब्द धुतला जात नाही. ज्या गावात भिक्षुकाचे वर्तन निर्मळ असते, त्या गावातील लोकांच्या मनात त्या शब्दाचा डंख आपोआप बोथट होतो.

मोझरीचे उदाहरण

रिद्धपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात गुरुकुंज मोझरी आहे. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिक या बालकास वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून ‘तुकड्या’ हे नाव मिळाले. भाकरीच्या तुकड्याची आठवण देणारे हे नाव त्यांनी पुढे जन्मभर मिरविले. १९३५ साली त्यांनी मोझरीस आश्रम स्थापिला. तो मार्ग निराळा, तेथील उपासना निराळी. तथापि शब्दयोजनेच्या दृष्टीने ते स्थान अभ्यसनीय आहे.

तेथील श्रीगुरुदेव सेवा मंडळाने आपल्या कार्यकर्त्यांसाठी ‘प्रचारक’, ‘सेवाधिकारी’, ‘सरचिटणीस’ असे शब्द रूढ केले. ‘सेवाधिकारी’ या शब्दाची रचना पाहावी. अधिकार आहे, परंतु तो सेवेचा. गावोगावी ‘जय गुरु’ म्हणून नमस्कार करणारा हा माणूस बहुधा शेतकरी अथवा शिक्षक असतो. ‘गुरुदेव’ हा शब्दही तेथे एका देहापुरता न ठेवता गुरुतत्त्वासाठी योजिला आहे. १९५६ साली भारत साधुसमाजाची स्थापना झाली, तेव्हा पहिले अध्यक्षपद तुकडोजी महाराजांकडे आले. देशभरातील साधूंच्या संघटनेचा अध्यक्ष ‘तुकड्या’ या नावाचा असावा, ही गोष्ट मननीय आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निर्वाण झाले.

शंका आणि समाधान

येथे अशी शंका संभवते : पदाचे नाव साधे ठेवले म्हणजे अहंकार जातो काय? समाधान असे की, जात नाही. ‘सेवक’ म्हणवूनही मनुष्य धनी होऊ शकतो, आणि ‘महंत’ म्हणवूनही झाडलोट करू शकतो. नाव अहंकार घालवीत नाही. ते आरशाप्रमाणे अंतर दाखविते. ‘सेवाधिकारी’ म्हणवणाऱ्याने सेवा सोडली, तर त्याचे नावच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ‘भिक्षुक’ म्हणवणाऱ्याने संचय केला, तर तीच गत.

दुसरी शंका : मग प्रत्येक भिक्षुकास ‘महंत’ म्हणून गौरविल्यास बिघडले काय? बिघडते. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्यास जबाबदारीचे नाव दिल्याने त्याचा गौरव होत नाही. पदाचे मोल मात्र उतरते. वासनिकांनी भिक्षुकास भिक्षुक म्हणावे, तपस्विनीस तपस्विनी म्हणावे, आणि तेच नाव पुरेसे थोर आहे, हे जाणावे.

सारांश, ‘गोसावी’ आणि ‘प्रभू’ ही नामे परमेश्वराकडे राहू द्यावीत. ‘आचार्य’ आणि ‘महंत’ ही नामे कार्य पाहून योजावीत. ‘भिक्षुक’ या नामास कमीपणा मानू नये. दंडवत प्रणाम करताना मस्तक ज्याच्यापुढे लवते, तो कोण आहे हे ओठांवरील शब्दास ठाऊक असले पाहिजे.