दूरच्या ताऱ्याचा महाकाय ग्रह
(इयत्ता ७ वीसाठी नमुना पाठ)

हेतू : सूर्यमालेबाहेरील एका ग्रहाची ओळख करून देणे, तसेच मोजलेली गोष्ट, तर्काने जाणलेली गोष्ट व निव्वळ कल्पना यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

विषयप्रवेश : कार्तिक महिन्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याची पश्चिमेकडील बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा नक्षत्राचे दोन तारे. त्या बाजूच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेस, महाश्व समूहातील ५१ क्रमांकाचा अंधुक तारा आहे. काळोख्या, निरभ्र रात्री तो तीक्ष्ण दृष्टीस जेमतेम दिसतो. त्याचा प्रकाश येथे पोहोचण्यास सुमारे ५० वर्षे लागतात.

विवेचन : १९९५ साली मिशेल मायोर व डिडिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह होय. या शोधाबद्दल २०१९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना मिळाला.

ग्रह मात्र त्यांना दिसला नव्हता. थोरली मुलगी धाकटीचे हात धरून फुगडी घालते तेव्हा धाकटी मोठे वर्तुळ काढते, पण थोरलीही थोडी हलतेच. त्याचप्रमाणे ग्रहाच्या ओढीने तारा हलतो. मोटारीचा कर्णा जवळ येताना चढा व दूर जाताना उतरता ऐकू येतो. ताऱ्याच्या प्रकाशातही तसाच सूक्ष्म फरक पडतो. तो मोजून ग्रहाचे अस्तित्व सिद्ध झाले.

ग्रहाची प्रदक्षिणा सुमारे सव्वाचार दिवसांत पुरी होते. त्याचे वस्तुमान निदान १५० पृथ्वींएवढे, म्हणजे गुरूच्या जवळजवळ निम्मे आहे. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून केवळ ८० लाख किलोमीटरांच्या आत आहे. यावरून तेथील उष्णता सुमारे १,००० अंश सेल्सिअस असावी असे गणित सांगते. जर्मनचे पातेले ६६० अंशांवरच वितळते! ग्रह बहुधा वायूंचाच असल्याने पाय टेकण्यास भूमी नसावी. खाली जावे तसतसा दाब वाढत जावा. चंद्र जसा पृथ्वीकडे एकच बाजू ठेवतो, तशीच याचीही एकच बाजू ताऱ्याकडे असावी. तेथे सूर्यबिंबाच्या २० पट रुंद असे बिंब कधीच मावळत नसेल.

शिक्षकांस सूचना : “तेथे कोण जाऊन आले?” असे एखादा विद्यार्थी विचारील. त्यास गप्प बसवू नये. पाठाचे मर्म त्याच प्रश्नात आहे. फळ्यावर ‘मोजले’, ‘तर्काने जाणले’ व ‘कल्पिले’ असे तीन रकाने आखावेत आणि वरील प्रत्येक विधान कोठे बसते हे वर्गाकडूनच ठरवून घ्यावे. प्रदक्षिणेचा काळ पहिल्या रकान्यात जाईल, उष्णता दुसऱ्यात, ढगांचे रंग तिसऱ्यात. कल्पनेस बंदी नाही. तिने आपला रकाना सोडू नये, एवढेच.

स्वाध्याय :
१. पृथ्वीच्या एका वर्षात त्या ग्रहाची किती वर्षे होतील? (३६५ ला ४.२३ ने भागावे.)
२. न दिसणारी, परंतु परिणामांवरून ओळखता येणारी गावातील तीन उदाहरणे लिहा.