कोऱ्या कागदाचं उत्तर

ब्राह्मणपुरी, ता. शहादा

चि. बापू,


पारायण केलं, नवस बोललो, तरी परीक्षेच्या निकालाच्या यादीत नाव आलं नाही. आता पोथीत मन लागत नाही, असं तू आईला फोनवर म्हणालास. असं म्हणणारा तू एकटा नाहीस. यंदा पपईवर व्हायरस आला, पानं पिवळी पडून आकसली, तेव्हा सप्ताहाच्या मांडवातही हेच कानावर आलं: ज्ञानेश्वरी वाचून मिळालं काय? पोथीशी असा हिशेब मांडला की श्रद्धा बाजारभावासारखी वर-खाली होणारच.

सध्या पारायण राहू दे. चांगदेव पासष्टी घे. अवघ्या 65 ओव्या, आणि गोष्ट आपल्याच तापीकाठची. प्रकाशा गावी आपण ज्या पाण्यात उतरतो ते वरून, मुक्ताईनगरजवळच्या तापी-पूर्णेच्या संगमावरून, चांगदेवाच्या देवळाजवळून येतं. योगबळावर 1400 वर्षं जगला म्हणतात तो. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप? शेवटी कोराच कागद धाडला. त्याला ज्ञानदेवांनी दिलेलं उत्तर म्हणजे पासष्टी. उपदेशाचं याहून मोठं पत्र मराठीत मला तरी ठाऊक नाही, आणि तेही धाकट्याने थोरल्याला लिहिलेलं!

त्यातला आरशाचा दृष्टांत नीट धर. आरशात तोंड दिसतं, पण आरशाने ते घडवलेलं नसतं. आरसा काढून घेतला तरी तोंड जागेवरच असतं. निकालाची यादी, गावाची शाबासकी, पपईचा भाव, सगळे आरसेच. तू स्वतःला तेवढ्यातच बघत आलास, म्हणून यादीत नाव नाही म्हटल्यावर पायाखालची जमीन सरकली. पाहणारा, दिसणारं आणि पाहणं ही तिन्ही मुळात एकच, हे ज्ञानदेव तिथे सांगतात. ते डोक्याला पटवून घ्यायची घाई करू नकोस.

रोज एकच ओवी, मोठ्याने वाच. टीप लगेच उघडू नकोस. पुस्तक मिटून आपल्या कामाला लाग, ओवी दिवसभर मनात घोळू दे. अर्थ लागला नाही तर उद्या पुन्हा तीच.

आणखी एक. मोबाइलवर कुंडलिनी जागृतीची शिबिरं दिसतात, त्यांच्या नादी लागू नकोस. गीतेत कुंडलिनीचं नावही नाही. नाथपंथाचं ते गुह्य ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात उघड केलं. पण बाराव्यात त्या वाटेचे हालही त्यांनीच सांगितले आणि भक्तांची वाट सुखाची म्हटली. काही दिसलं का, काही जाणवलं का, असं रोज तपासत बसलास तर तोही नवसच झाला.

परीक्षा पुन्हा द्यायची की नाही हे पासष्टी सांगणार नाही. ते तू ठरव आणि आईला स्वतः फोन कर. ती माझ्याकडून ऐकायला तयार नाही. अडलेल्या ओव्यांवर पेन्सिलीने खूण करून ठेव. दिवाळीला आलास की बसू. मलाही दोन-तीन अडलेल्या आहेत.

तुझा,
नाना